सेमी म्हणजे किती? साडीच्या दुकानापासून प्लायवूडपर्यंतचे फसवे शब्द

‘सेमी’ हा शब्द कानावर आला की लगेच विचारावं, सेमी म्हणजे किती? अर्धं रेशीम आहे का? ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) पॉलिस्टरचा आहे का? की रेशमाचा एक धागाही नाही आणि फक्त पदरावरचे मोर पैठणीसारखे आहेत? ‘सेमी सिल्क’ आणि ‘सेमी पैठणी’ या नावाखाली हे तिन्ही प्रकार एकाच गादीवर, एकाच दमात विकले जातात. तीन वेगळ्या वस्तूंना एकच नाव असेल तर त्या नावावरून वस्तू कळणार कशी? पुढचा प्रश्न तोंडात यायच्या आत साडी अंगावर टाकून आरशासमोर उभं करायचं, एवढ्यासाठी तो शब्द आहे. मला त्याचा मनापासून राग येतो.

परभाषेतून आलेल्या शब्दांबद्दल माझी तक्रार नाही. जॉर्जेट, शिफॉन, लिनन हे शब्द आपल्याकडे रुळले आणि त्यांना नेमका अर्थही आहे. तक्रार आहे ती अर्थ झाकणाऱ्या शब्दांबद्दल.

कापडाबद्दल मुळात तीनच गोष्टी विचारायच्या असतात. धागा कशाचा, वीण कोणती, आणि विणलं कशावर, हातमागावर की यंत्रमागावर. दुकानातले बहुतेक फसवे शब्द यातल्या एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या जागी देतात. जॉर्जेट, क्रेप, शिफॉन, साटन, ऑरगॅन्झा ही सगळी विणीची आणि पिळाची नावं आहेत, धाग्याची नाहीत. जॉर्जेटच्या सुताला भरपूर पीळ असतो, काही धागे उजवीकडे आणि काही डावीकडे पिळलेले, म्हणून त्या कापडाला बारीक खरखर आणि छान पडतं अंग येतं. हा पीळ रेशमाला दिला, व्हिस्कोसला (लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्याला) दिला की पॉलिस्टरला, तिन्ही जॉर्जेटच. साटनमध्ये धागे लांब लांब मोकळे सोडून विणतात म्हणून एका बाजूला चमक येते. ती चमक विणीची आहे, ती रेशमाचा पुरावा होत नाही. म्हणून ‘हे प्युअर जॉर्जेट आहे’ या वाक्यातून काहीही कळत नाही. प्युअर काय? धागा रेशमाचा आहे असं म्हणायचं असेल तर ‘रेशमी जॉर्जेट’ म्हणायला जीभ का अडखळते?

आता ‘आर्ट सिल्क’. हा शब्द ऐकून कित्येकींना वाटतं की काहीतरी कलाकुसर केलेलं रेशीम असेल. इथे ‘आर्ट’ म्हणजे कला नव्हे, ‘आर्टिफिशियल’ या शब्दाचं ते लघुरूप आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाच्या लगद्यापासून चकाकता धागा काढायचं तंत्र आलं तेव्हा त्याला कृत्रिम रेशीम म्हणत. पाश्चात्त्य देशांत पुढे रेयॉन, व्हिस्कोस ही नावं आली, आपल्याकडे मात्र आर्ट सिल्क टिकलं. मुंबईत वरळीला १९५० साली सुरू झालेली सस्मिरा ही संशोधन संस्था आहे. तिच्या मूळ पूर्ण नावात ‘सिल्क’ आणि ‘आर्ट सिल्क’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी होते, कारण गिरणीवाल्यांच्या लेखी ते दोन वेगळे धागे होते. धंद्यातल्या माणसांना हा फरक कायम ठाऊक होता. दुकानात येणाऱ्या बाईपर्यंत तो पोचू दिला गेला नाही. आज आर्ट सिल्क म्हणून विकलं जाणारं कापड व्हिस्कोसचं असेल किंवा पॉलिस्टरचं, आणि पॉलिस्टरचं असण्याची शक्यता जास्त.

याच कुळातली बाकीची नावं भराभर सांगते. लिची सिल्क, सॉफ्ट सिल्क, वेगन सिल्क या नावाने स्वस्तात मिळणारा माल बहुतेक वेळा पॉलिस्टर असतो. (सॉफ्ट सिल्क खऱ्या रेशमातही असतं, म्हणूनच नुसत्या नावावर विसंबता येत नाही.) बांबू सिल्क म्हणजे बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोस. रसायनांच्या प्रक्रियेतून बाहेर आल्यावर त्यात बांबूचे गुण उरत नाहीत. अमेरिकेत २०२२ साली फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने दोन मोठ्या साखळी दुकानांना याच कारणासाठी मिळून ५५ लाख डॉलर भरायला लावले होते, रेयॉनला बांबू म्हणून विकलं आणि वर पर्यावरणाचा हवाला दिला म्हणून. ‘टसर फील’, ‘लिनन लुक’, ‘हँडलूम फिनिश’ यांतला दुसरा शब्दच सगळं सांगतो. टसर असतं तर ‘फील’ म्हणायची गरज पडली नसती. विदर्भात ज्याला कोसा म्हणतात तेच हे टसर. करवतीच्या दात्यांसारख्या काठाची करवती साडी त्याचीच. कोशाचा खरा धागा जागोजागी जाड-बारीक असतो आणि त्याचा मूळ रंग मधासारखा. डिजिटल छपाईची, एकसारख्या धाग्याची, सातशे रुपयांची साडी कोसा असणं शक्य नाही.

पॉलिस्टरची साडी घेऊ नये असं मी अजिबात म्हणत नाही. रोज लोकलने जाणाऱ्या बाईला ती सोयीची आहे, चुरगळत नाही, घरी धुता येते, वाळते पटकन. पण ते पॉलिस्टर आहे हे तिला माहीत असलं पाहिजे, कारण नाव चुकलं की निगाही चुकते. रेशीम समजून पॉलिस्टरची साडी दरवेळी ड्रायक्लीनला दिली तर दोन-तीन वेळच्या धुलाईतच साडीची किंमत फिटते. पॉलिस्टरवर सुती कपड्याच्या आकड्यावर इस्त्री फिरवली तर ते आक्रसतं आणि त्या जागी कायमची चकाकी येते. व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास घटते, म्हणून ते पिळलं की विरतं, आणि दोरीवर ओलं टांगलं की स्वतःच्याच वजनाने ओघळून लांबतं. त्याला न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं आणि आडवं वाळवायचं. खऱ्या रेशमाला कपड्याचा साबण आणि सोडा चालत नाही. क्षाराने त्याची चमक जाते आणि धागा कडक होतो. तिन्ही धाग्यांची तऱ्हा वेगळी, आणि दुकानदाराने सगळ्यांना ‘सिल्क’ म्हणून हातात ठेवलेलं.

घरी ओळखायचं असेल तर धागा जाळून बघणं हीच खात्रीची रीत. अंगठीतून साडी काढून दाखवतात त्याला अर्थ नाही, पातळ पॉलिस्टरही अंगठीतून सरसर जातं.

ब्लाउजपीसच्या कापलेल्या टोकाशी जा. तिथे झालरीसारखे लोंबतात ते ताण्याचे धागे, म्हणजे साडीच्या लांबीत जाणारे. कापलेल्या कडेला समांतर, या काठाकडून त्या काठाकडे जातात ते बाण्याचे. दोन्हीकडचे दोन-तीन धागे, साधारण बोटभर लांबीचे, वेगवेगळे काढा. जरीचा धागा यात येऊ देऊ नका. इथेच बहुतेकांची चूक होते. एकच धागा जाळतात, तो रेशमाचा निघाला की खूश होतात, आणि दुसऱ्या बाजूचा पॉलिस्टरचा धागा तसाच राहून जातो. अर्ध्या रेशमाच्या ‘सेमी’ साडीचं गुपित याच दुसऱ्या धाग्यात असतं. खळ लावलेली असेल तर धागे कोमट पाण्यात चोळून वाळवून घ्या, नाहीतर खळीचा जळका वास मूळ वासात मिसळतो.

धागा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा, पंखा बंद करा, ओढणी किंवा पदर खोचून घ्या. काडीची ज्योत बाजूने हळूहळू धाग्याजवळ न्या. पॉलिस्टर ज्योत लागायच्या आधीच आखडून मागे सरतं, मग वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी होतो. हा मणी गार झाल्याशिवाय हात लावू नका, चिकटून भाजतो. व्हिस्कोस कागदासारखं भस्सकन पेटतं, वासही जळक्या कागदाचा, मागे उरते ती करडी मऊ राख. रेशीम मात्र वळतं, चरचरतं, हळू जळतं आणि ज्योत काढली की बहुधा आपोआप विझतं. वास जळक्या केसांचा, राख काळी आणि बोटात चुरडली की भुकटी होणारी. वास केसांचा आला आणि तरी न चुरडणारा कडक मणी झाला, तर त्या धाग्यात भेसळ आहे.

व्हिस्कोस आणि सूत, म्हणजे कापसाचा धागा, दोन्ही सारखेच जळतात, त्यामुळे तिथे ज्योतीचा उपयोग नाही. त्यासाठी धाग्याच्या मध्यावर बोटाने पाणी लावा आणि दोन्ही टोकं ओढा. व्हिस्कोस बरोबर ओल्या जागी तुटतं. सूत ओलं झाल्यावर उलट थोडं बळकट होतं, ते कोरड्या जागी तुटेल. ‘कॉटन सिल्क’ म्हणून घेतलेल्या साडीवर हे करून बघाच.

पैठणीला जाळायची वेळ बहुधा येत नाही, तिथे उलटी बाजू बोलते. हाताने विणलेल्या पैठणीच्या पदरावर प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र छोटी कांडी असते. मोराचा निळा जिथे संपतो तिथे तो धागा शेजारच्या रंगात अडकवून परत फिरवतात, आडवा पलीकडे नेत नाहीत. त्यामुळे पदर उलटा केला तरी मोर मोरच दिसतो, फक्त कुठे कुठे धाग्याची बारीक टोकं असतात. यंत्रमागावर जकार्डने (नक्षी आपोआप विणणाऱ्या जोडणीने) काढलेल्या नक्षीत न दिसणारे रंग मागून वाहत जातात. मागे एकतर लांब मोकळे धागे दिसतात, किंवा ते कापून राहिलेला केसाळ खुंट. बांगड्या अडकू नयेत म्हणून पुष्कळदा त्यावर जाळीचं अस्तर चिकटवलेलं असतं. पदराच्या मागे जाळी दिसली तर तो पदर येवल्याच्या हातमागावर अशा रीतीने विणलेला नाही, एवढं नक्की.

या कामाची खरी भाषा किती नेमकी आहे ते बघा. नारळी काठ, मुनिया काठ, बांगडी मोर, असावली. आणि कडियल, म्हणजे अंग आणि दोन काठ वेगवेगळ्या धोट्यांनी (बाण्याचा धागा आरपार नेणाऱ्या साधनांनी) विणून जोडलेले, त्यामुळे काठाचा रंग एकदम गडद आणि निखळ येतो, अंगाच्या रंगाची झाक त्यात मिसळत नाही. कडियल म्हटलं की तीन धोटे डोळ्यासमोर येतात, वेळ आणि मजुरीही येते. ज्या शब्दातून काम दिसतं तो शब्द कितीही अवघड असला तरी शिकून घ्यावा असा असतो. त्याच्या शेजारी ‘डिझायनर सेमी ब्रोकेड पैठणी’ ठेवली तर चार शब्दांतून एकही धागा दिसत नाही. किमतीचा हिशोबही साधा आहे. रेशमी सुताचा भाव किलोला हजारांत असतो आणि एका पैठणीला अदमासे अर्धा किलो तरी लागतं. वर कित्येक आठवड्यांची, भरजरी असेल तर महिन्यांची मजुरी. दीड हजाराला ‘प्युअर हँडलूम पैठणी’ कुठून येणार?

जरीच्या बाबतीत तर शब्द आणखी चलाख आहेत. ‘टेस्टेड जरी’ म्हटलं की कुठल्याशा प्रयोगशाळेत तपासून आलेली जरी वाटते. प्रत्यक्षात हे धंद्यातलं नाव आहे, तांब्याच्या तारेवर चांदीचा पातळ थर आणि वरून सोनेरी झळाळी दिलेल्या जरीचं. अस्सल जरीत चांदीची चपटी तार रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळतात आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. सगळ्यात स्वस्त ती प्लॅस्टिक जरी, पॉलिस्टरच्या फिल्मवर धातूचा लेप देऊन कापलेल्या पट्ट्या. ओळखायला एक तार घेऊन उलटा पीळ द्या आणि गुंडाळलेली पट्टी सोडवा. इथे एक गफलत हमखास होते. आत लाल दिसलं की लोक म्हणतात तांबं आहे. पण अस्सल जरीतला रेशमी गाभाही पुष्कळदा लाल रंगवलेला असतो. म्हणून लाल काय आहे ते बघा, आतला धागा की वरची धातूची पट्टी. पट्टी खरखरीत दगडावर घासली आणि पांढरी रेघ आली तर चांदी, लालसर आली तर तांबं. प्लॅस्टिक जरी ज्योतीजवळ नेताच आकसून गोळा होते.

निगाही तशीच वेगळी. चांदीची जरी हवेने आणि अत्तराने काळवंडते, म्हणून स्प्रे साडी नेसायच्या आधी मारायचा, नंतर नाही. डांबराच्या गोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत, साडी सुती मलमलीत गुंडाळायची आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नव्या जागी घालायची, नाहीतर घडीवरच जरीची तार तुटते. तांब्याची जरी काळी पडून वर हिरवट होते आणि ती पूर्ववत होत नाही. प्लॅस्टिकची काळी पडत नाही, पण गरम इस्त्री लागली की गेली.

दुकानात टॅग दाखवतात तेव्हा प्रत्येक टॅग कशाबद्दल बोलतो ते माहीत हवं. सिल्क मार्क, केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली आलेला, फक्त धागा नैसर्गिक रेशीम असल्याचं सांगतो. साडी हातमागाची आहे का, जरी कोणती, यावर तो गप्प आहे. हँडलूम मार्क हातमागाचं सांगतो, रेशमाचं नाही. भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय हे ठिकाण आणि पद्धत यांच्याशी बांधलेलं आहे. खादी हा शब्द तर कायद्याने हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या कापडासाठी आहे, त्यासाठी खादी मार्क वेगळा. ‘खादी प्रिंट’ आणि ‘खादी सिल्क’ ही दुकानातली बिरुदं त्यात आपोआप बसत नाहीत. सिल्क मार्क दाखवून हातमागाची किंमत लावणं हा रोजचा प्रकार आहे.

बिल करताना एवढं लिहून मागा: ताणा रेशीम, बाणा रेशीम, हातमाग किंवा यंत्रमाग, जरी अमुक. चार गोष्टी आहेत, अर्धा मिनिट लागतं. तोंडी ‘प्युअर’ म्हणणारा माणूस हे लिहून द्यायला का-कू करू लागला तर त्याचं उत्तर मिळालं.

चादरींच्या बाजारात हीच जागा ‘थ्रेड काउंट’ने घेतली आहे. याचा अर्थ एका चौरस इंचात ताणा आणि बाणा मिळून किती धागे. २०० ते ४०० मध्ये उत्तम सुती चादर मिळते. १०००चा आकडा दिसला की बहुतेक वेळा तीन-चार पदरी धाग्यातला प्रत्येक पदर वेगळा मोजलेला असतो. अशी चादर जड होते, हवा खेळत नाही, आणि आपल्या दमट उन्हाळ्यात पाठीला चिकटते. आकड्यापेक्षा सुताचा काउंट विचारा. तो मात्र खरा मोजका शब्द आहे: एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लडी बसतात. ६० काउंट म्हणजे ४५४ ग्रॅम सुतात सुमारे ४६ किलोमीटर धागा. आकडा मोठा तितकं सूत बारीक. रोजच्या चादरीला ४० ते ६० पुरे. टॉवेलला जीएसएम बघायचं, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. ४०० ते ५०० चा टॉवेल पावसाळ्यातही वाळतो, ७०० चा मऊ लागतो पण आपल्याकडे जुलैमध्ये त्याला कुबट वास धरतो.

सौंदर्यप्रसाधनांच्या शब्दांत मला सगळ्यात धोकादायक वाटतो तो साधा, घरचा शब्द ‘मेंदी’. मेंदीच्या पानातला रंग केशरी ते तांबूस तपकिरी एवढाच चढतो, आणि त्याला काही तास लागतात. अर्ध्या-पाऊण तासात केस काळेभोर करणारी ‘काळी मेंदी’, पाकिटावर कितीही पानं छापलेली असोत, मुख्यतः पीपीडी म्हणजे पॅराफेनिलिनडायअमाइन या रंगद्रव्यावर चालते. काहींना त्याची जबरदस्त ॲलर्जी येते, पापण्या सुजतात, डोक्याच्या त्वचेला पाणी सुटतं, फोड येतात. पहिल्या वेळी काही झालं नाही म्हणून पुढच्या वेळी होणार नाही असं नसतं. म्हणून दरवेळी कानामागे थोडंसं लावून ४८ तास थांबायचं. आणि काळी मेंदी हातावर काढायला तर कधीच वापरायची नाही, लहान मुलांच्या हातावर अजिबात नाही. खरोखर वनस्पतींनीच काळं करायचं असेल तर आधी मेंदी, ती धुतल्यावर निळीच्या पानांची पूड, असं दोन टप्प्यांत करावं लागतं. नीळ मात्र भिजवल्यावर लगेच वापरायची असते.

‘केराटिन ट्रीटमेंट’ हेही तसंच. केराटिन हे केसातलंच प्रथिन, त्यामुळे कानाला पौष्टिक वाटतं. केस सरळ राहतात ते मात्र फॉर्माल्डिहाइडसारख्या रसायनाने किंवा ग्लायॉक्सिलिक ॲसिडने, वरून २०० अंशांच्या पुढची इस्त्री फिरवून. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नोंदवलं आहे, आणि ग्लायॉक्सिलिक ॲसिडनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ लिहिलेल्या बाटलीवर मिथिलीन ग्लायकॉल हे नाव शोधा. पाण्यात विरघळलेलं फॉर्माल्डिहाइड त्या रूपात असतं. इस्त्री फिरताना डोळे झोंबले तर उठून बाहेर या.

‘डर्मेटोलॉजिकली टेस्टेड’ म्हणजे चाचणी झाली, निकाल काय लागला ते सांगितलेलं नाही. ‘केमिकल-फ्री’वर वेळ घालवू नका, पाणीसुद्धा रसायन आहे. त्यापेक्षा मागची बारीक अक्षरं वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, एक टक्क्याखालचे मात्र कसेही. फिनॉक्सीइथेनॉल हे संरक्षक साधारणपणे एक टक्क्यापर्यंतच घालतात. म्हणून पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असलेलं केशर किंवा चंदन यादीत फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली आलं, तर ते बहुधा एक टक्क्याच्या आतच आहे.

घराच्या कामात ‘इंजिनिअर्ड वूड’ आणि ‘वॉटरप्रूफ प्लाय’ हे दोन शब्द सांभाळा. पहिल्यात पार्टिकल बोर्डपासून एमडीएफपर्यंत काहीही बसतं. कपाटाचं दार उघडून बिजागरीसाठी पाडलेल्या गोल भोकाच्या कडेला बघा, तिथे लॅमिनेट नसतं. एकावर एक थर दिसले तर प्लाय, जाड भुसा दिसला तर पार्टिकल बोर्ड, गुळगुळीत तपकिरी गच्च भुकटी दिसली तर एमडीएफ. पार्टिकल बोर्डमधला स्क्रू एकदा काढून पुन्हा घातला की पकड ढिली होते, आणि सिंकखाली पाणी लागलं की कडा फुगते, ती पुन्हा बसत नाही. प्लायवर ‘एमआर’ असेल तर ते फक्त दमट हवेला टिकणारं, सुतार ज्याला कमर्शियल म्हणतात ते. ओट्याखाली आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघा, त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. शिक्का प्लायच्या प्रत्येक शीटवर असतो, लॅमिनेट चिकटवायच्या आधी स्वतः बघून घ्या, नंतर दिसायचा नाही.

आणि रंग. इथे मला राग येत नाही, वाईट वाटतं. आपल्या भाषेत आबोली, मोतिया, श्रीखंडी, अंजिरी, आमसुली, डाळिंबी, गुलबक्षी, कुसुंबी, शेवाळी, पोपटी, मोरपंखी, विटकरी, चिंतामणी असे रंग आहेत, आणि प्रत्येक नाव डोळ्यासमोर एकच छटा आणतं. त्या जागी ‘पेस्टल’, ‘अर्दी टोन’ आणि ‘न्यूड’ आले. पेस्टल म्हणजे फिका, पण कोणता फिका? न्यूड म्हणजे त्वचेचा रंग, पण कुणाच्या त्वचेचा? फोनवरून साडी मागवताना ‘न्यूड पिंक’ सांगितलं तर पाच दुकानांतून पाच रंग येतील. ‘आबोलीपेक्षा एक छटा फिका’ सांगून बघा.

‘ड्युअल टोन’चंही तेच. याला आपण धूपछाव म्हणतो, आणि त्यात कृती दडलेली आहे: ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, म्हणून घडीवर एक रंग दिसतो आणि सपाट जागी दुसरा. अशा साडीला ब्लाउज जुळवताना दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली मिसळलेला रंग बघून कापड घेतलं तर उन्हात ते हटकून वेगळं दिसतं. साडीच्या टोकाचा एक ताण्याचा आणि एक बाण्याचा धागा काढून पांढऱ्या कागदावर चिकटवा, दारापाशी उजेडात न्या, आणि दोहोंपैकी एकाच धाग्याशी ब्लाउज जुळवा. काठ कडियल असेल तर तिसरा धागा काठाचा घ्या. तो तर कशातच मिसळलेला नसतो.